विजयंतावरची धूळ

ऊर्मीला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा बसच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता, आणि दात घासायच्या ब्रशने मडगार्ड खरवडत होता.

आता सांगा, सकाळच्या घाईत कुणाच्या नजरेला असलं ध्यान पडलं तर काय वाटेल? बस ऊर्मीच्या कंपनीची, अण्णा नगरहून सिरुसेरीला जाणारी. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मे महिना, चेन्नईतला. उन्हं वर यायच्या आतच ओढणी मानेला चिकटलेली, डोकं आधीच तापलेलं... त्यात हा बाबा!

"एन्न पण्णरींग?" ती ओरडली. काय चाललंय हे?

तो दचकून उठला आणि त्याचं डोकं बसच्या पत्र्यावर खाडकन आपटलं.

"आई गं!"

ऊर्मी थबकली. या शहरात डोकं आपटलं की माणसं 'अम्मा' म्हणतात. हा 'आई गं' म्हणाला होता!

"मराठी?"

"होय... आम्ही तंजावरचे." तो डोकं चोळत म्हणाला. "तुम्ही?"

"आम्ही इथल्याच आवडी गावचे. म्हणजे बाबा मिरजेचे, पण मी आवडीच्या क्वार्टर्समधली. ते जाऊ दे. बस धुवायचं कंत्राट घेतलंय का तुम्ही?"

"नाहीं नाहीं. माती घेतों."

"माती?"

"सिरुसेरीची. तिकडे रस्ते खणतात ना आतां... असली तांबूस माती शहरांत मिळत नाहीं. तुमची बस रोज आणते." त्याने हातातली फिल्मच्या रोलची काळी डबी पुढे केली. तळाशी चिमूटभर लालसर भुगा होता. मग फार अदबीने त्याने विचारलं, "तुम्हांस नको असेल तर... घेऊं?"

"मला कशाला हवी असेल? घ्या की! पण करणार काय तिचं?"

"रणगाड्यास लावणार."

ऊर्मी जी हसत सुटली ती थांबेचना. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिला तरी दुसरं काय सुचणार हो? तिचे वडील, कृष्णकांत खासनीस, आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात जन्मभर रंगकामाचे तपासनीस. दुसऱ्यांच्या घरी पोरांना चिऊ-काऊ दाखवून भरवतात, हिला आईने फाटकातून बाहेर पडणारे विजयंता रणगाडे दाखवून भरवलेलं.

"माझे बाबा जन्मभर रणगाड्यांवरची धूळ पुसत आले," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही लावताय!"

"मग आमची जोडी बरी जमेल," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मी आणि काका... तसं नव्हे..."

"नाव काय तुमचं?"

"मालोजी."

"खरंच? आत्ता? दोन हजार आठ साली?"

"आजोबांचं नांव. शाळेंत मुलं 'मल्ली सार' म्हणतात. तांबरमच्या शाळेंत चित्रकला शिकवतों मी."

तमिळमध्ये मल्ली म्हणजे मोगरा. पाच फूट दहा इंच उंचीचा, कपाळाला ग्रीस लागलेला मोगरा! ड्रायव्हरने हॉर्न दिला. ऊर्मी बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली, आणि इंदिरा नगर येईपर्यंत आपण हसतोच आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी ऊर्मीने लोणच्याची रिकामी डबी पर्समधून काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घ्या. कँपसच्या मागची. बसखाली शिरायला नको आता."

त्याने झाकण उघडलं, वास घेतला. "लोणच्याचा वास येतो."

"मग रणगाडा आंबट होईल."

"होऊं दे. शत्रू तोंड वाकडं करील!"

हे असं सुरू झालं. रोजचा तोच थांबा, तिची सिरुसेरीची बस, त्याची तांबरमची बस, आणि दोन्ही बस उशिरा याव्यात म्हणून दोघांची मनातल्या मनात प्रार्थना. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता येणार नाही. एका शनिवारी त्याने विचारलं, "पाहायला येतेस?" आणि ती गेलीसुद्धा.

तो आत्याकडे राहायचा. राजसबाई नाव तिचं. तिने ऊर्मीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "बैस मा," म्हणाली, कॉफीचा वाटी-पेला, म्हणजे डवरा-टंबलर, समोर ठेवला आणि शहाण्या बाईसारखी स्वयंपाकघरात निघून गेली. खिडकीशी टेबल. टेबलावर वीतभर लांबीचा, करकरीत हिरवा विजयंता उभा होता. बाजारात या रणगाड्याचं मॉडेल जोडायचा प्लॅस्टिकचा संच मिळत नाही म्हणून मालोजीने भलत्याच देशाच्या रणगाड्याचा संच घेतला होता, आणि कापून, तासून, पत्रे जोडून त्यातून हा काढला होता. वर्ष गेलं होतं त्यात.

"अय्या! हा तर हुबेहूब आहे! झाला की!"

"झाला? आतां सुरू होतंय."

त्याने खडूची कांडी ब्लेडने खरवडून पूड केली. सिरुसेरीची माती डिंकाच्या पाण्यात कालवली. तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सांधेकोपऱ्यांत सोडला. स्पंजाचा तुकडा चिमटीत धरून कडांवर ठिपके दिले, तसा हिरव्याखालचा लोखंडी रंग उघडा पडल्यासारखा दिसायला लागला.

"आधी इतका छान नवा करायचा आणि मग जुना करायचा? वेड लागलंय तुला."

"जुना नव्हे गं. वापरलेला." तो मान वर न करता म्हणाला. "फरक आहे. जुनं तर काय, कोपऱ्यांत टाकलेलंही होतं. वापरलेल्यावर माणूस दिसतो. हें पाहा... चालक चढतो तेव्हां पाय कुठें देईल?"

ऊर्मीने वाकून बघितलं. "इथे. उजव्या मडगार्डवर."

"बरोब्बर. मग रंग तिथेंच जाईल. आणि हात? हात या कडीला. ती कडी घासून चकचकीत होईल. बाकीच्या कड्या मात्र धुळकट राहतील. कोणी धरतच नाहीं त्यांस." मग त्याने खाली बघितलं. "तुझी डावी चप्पल जास्त झिजली आहे."

"चपला कसल्या बघतोस माझ्या!"

"डाव्या पायावर भार टाकून उभी राहतेस तूं. थांब्यावर. माझी बस येते त्या बाजूस मान करून."

ऊर्मीने डावा पाय मागे घेतला. खिडकीतून चारचा समुद्रवारा आला, टेबलावरची पूड भुर्रकन उडाली आणि तिच्या गालावर बसली. त्याने पुसायला बोट पुढे केलं, आणि त्या बोटालाच माती! गालावर तांबूस पट्टा उमटला.

"अय्यय्यो... आणखीच लागली."

"राहू दे," ऊर्मी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "वापरलेली दिसते ना मी?"

"नाहीं," तो हळूच म्हणाला. "माझी दिसतेस."

त्या दिवशी ती तो पट्टा घेऊनच घरी गेली. आई, अलकनंदाबाई, म्हणाली, "गालाला काय लागलंय गं?" तर म्हणे, ऑफिसचं बांधकाम चालू आहे! शनिवारी कसलं आलंय ऑफिस? पण आईने विषय वाढवला नाही.

इथवर सगळं गोडच होतं. पण प्रेमात पडलेल्या मुलींना एक खोड असते बघा. माणूस आवडला रे आवडला की तो आणखी चांगला करायला घ्यायचा. ऊर्मीला एकच हवं होतं, बाबांनी 'हो' म्हणावं. त्यांच्या मनाविरुद्ध पळून जाणारी ती नव्हती, आणि मालोजीही तसा नव्हता. आणि बाबा म्हणजे बाबा! कारखान्यातून तयार गाडी बाहेर पडायच्या आधी स्वतःचा पांढरा रुमाल तिच्यावरून फिरवायचे. रुमालाला डाग लागला की गाडी परत आत. निवृत्त झाल्यावर तोच रुमाल आता स्कूटरवरून, जेवणाच्या टेबलावरून, खिडक्यांच्या गजांवरून फिरत असे. अशा माणसापुढे मालोजीला उभं करायचं, म्हणजे आधी जरा चकाचक नको करायला?

"'बैसा' नाही रे, 'बसा' म्हण."

"बसा."

"आणि 'मी केलों' काय? 'मी केलं'."

"तंजावरांत तीनशे वर्षं सगळे 'केलों' म्हणतात की."

"आमच्या हॉलमध्ये नाही म्हणत."

तो हसायचा. खरंच हसायचा, मनापासून. ढगळ खादीचे शर्ट गेले, इस्त्रीचे आले. दाढी गेली. चित्रकलेच्या मास्तरला पगार तो कितीसा असणार, म्हणून तिने त्याच्याकडून एका अ‍ॅनिमेशन कंपनीत अर्ज करवला.

"मला रंगवून काढतेस तूं," तो एकदा म्हणाला.

"मग? छान दिसतोयस!"

"सरी... बरं," तो म्हणाला. "तुला दिसतों ना छान, मग झालं."

शेवटी ऊर्मीने घरी मालोजीबद्दल सांगितलं, आणि वडिलांच्या साठीला त्याला घरी बोलवायचं ठरलं. आणि विजयंताच भेट द्यायचा, ही कल्पना मालोजीची. बाबांच्या उमेदीतला रणगाडा! ऊर्मी तर नाचायचीच बाकी राहिली.

होम झाला, ओवाळून झालं, श्रीखंड-पुरी झाली. मालोजीने खोक्यातून विजयंता काढला आणि दोन्ही हातांनी कृष्णकांतरावांच्या पुढे ठेवला. सिरुसेरीचा चिखल साखळपट्ट्यांत सुकलेला, धुराने काळवंडलेली मागची बाजू, झाकणाच्या कडेला हलकासा गंज. एखादा रणगाडा लांबचा रस्ता तुडवून आत्ताच दारात येऊन थांबलाय असं वाटत होतं.

कृष्णकांतरावांनी चष्मा लावला. बघितलं. मग हात खिशाकडे, रुमालाकडे गेला.

"हा असा कुठे पाहिलात तुम्ही?"

"फोटो पाहिले काका. बाकी मनाने..."

"आमच्या फाटकातून असा एकही गेला नाही. एकही!"

"हा फाटकातून गेलेला नाही, काका. हा परत आलेला आहे."

आता, हे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही घरी गोड वाटलं असतं. पण कारखान्यातल्या माणसाच्या लेखी 'परत आलेला' याचा एकच अर्थ असतो. काम नापास! साठीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, जन्मभराचं काम नापास! बिचाऱ्या मालोजीला ते कुठून कळावं?

कृष्णकांतरावांचा चेहरा दगडासारखा झाला. "ठेवा तिथे शोकेसमध्ये," एवढंच म्हणाले.

तो गेल्यावर मात्र लेकीला म्हणाले, "नवी वस्तू ज्याला बघवत नाही, तो संसार काय नीट ठेवणार?"

ऊर्मी त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडली.

पुढे दीड-दोन महिने घरात त्या विषयावर चकार शब्द नाही. पुण्याच्या एका स्थळाची पत्रिका मात्र आली. आणि मिरजेला पुतण्याच्या लग्नाला निघताना, बॅगेला कुलूप लावता लावता बाबा म्हणाले, "रविवारी सकाळी आम्ही पोचतोय. त्या मालोजीला बोलावून ठेव. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू."

सोक्षमोक्ष! त्याच संध्याकाळी टॉवर पार्कच्या बाकावर तिने मालोजीला गाठलं. दोघांच्या मध्ये कागदाच्या पुडीत फोडणीच्या चण्यांचं सुंडल होतं, ते कुणी खाल्लं नाही.

"ऐक ना. तो विजयंता धुवून टाक."

त्याला आधी कळलंच नाही. "काय करूं?"

"धू. नि परत हिरवा रंगव. मस्त, नवाकोरा. बाबांना तेच हवंय. रविवारी आल्या आल्या त्यांच्या नजरेला पडला की..."

"नको ऊर्मी."

"एक डबी रंग लागेल फक्त!"

"शर्ट बदललों. बोली बदललों. अर्ज केलों. तूं सांगितलीस तें सगळं आनंदानें केलों." तो पुडीकडे बघत बोलत होता. "हें एवढं नको. त्यांस नाहीं आवडला तर नाहीं म्हणतील. पण मी काय आहें, तें तेवढ्या एका जागीं तरी राहूं दे."

"तुला मी हवी आहे की तो प्लॅस्टिकचा तुकडा?"

असं बोलू नये हो... पण बोलून गेली. त्याने तिच्याकडे बघितलं. मग तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तूं. पण नको."

ऊर्मीला त्यातलं 'तूं' तेवढं ऐकू आलं.

शनिवारी दुपारी घरात ती एकटी. तिने शोकेस उघडली. विजयंता मोरीत नेला, नळ सोडला आणि साबण लावून दात घासायच्या ब्रशने घासायला लागली. तांबूस पाणी वाहायला लागलं. लोणच्याच्या डबीतून तिनेच आणलेली माती, जाळीतून खाली निघाली. एकदा हात थांबला... उजव्या मडगार्डपाशी. पण मग तिने मनाशी म्हटलं, लग्न झाल्यावर याला असले दहा करायला देईन, मी स्वतः माती आणून देईन. आणि ती पुन्हा घासायला लागली. वाळल्यावर हार्डवेअरच्या दुकानातला हिरवा एनॅमल तिने दोन हात चढवला. रंग जाड बसला. कडी, खिळे, झाकणं, सगळं एका रंगाखाली गुळगुळीत होऊन गेलं. शोकेसच्या दिव्याखाली तो असा चमकायला लागला! ऊर्मी लांब उभी राहून बघत होती आणि खूश होती. त्यातलं वाईट हे, की ती खरंच खूश होती.

रविवारी गाडी उशिरा आली. आईबाबा जेमतेम आंघोळी उरकून बाहेर येताहेत तोच मालोजी दारात. निळा इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी.

"नमस्कार काका. नमस्कार काकू."

"या, बसा," कृष्णकांतराव म्हणाले.

बसता बसता मालोजीची नजर शोकेसकडे गेली. तिथेच थांबली. मग त्याने मान वळवली, आणि कृष्णकांतरावांकडे बघून हसला. लहानसंच, पण हसला. 'सुटले बाई,' ऊर्मीने मनात म्हटलं. 'केलं त्याने माफ!'

शोकेसकडे पाठ करून कृष्णकांतराव खुर्चीत बसले. घसा खाकरला.

"मालोजीराव, मला लांबण लावता येत नाही. साठीच्या दिवशी मी तुमच्याशी नीट वागलो नाही."

ऊर्मीने चमकून वर बघितलं.

"मला राग आला होता. का लपवा? मला वाटलं, हा पोरगा माझ्या कामाला नावं ठेवतोय. पण वस्तू घरात आहे म्हटल्यावर बघणं होतंच. मग रोजच बघायला लागलो."

"दुपारी जेवण झालं की मांडीवरच घेऊन बसायचे," अलकनंदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "भिंग लावून. ही ऑफिसला गेलेली असायची. मला म्हणाले, तिला सांगू नको, चिडवील."

"अहो, तीस वर्षं मी गाड्या फाटकाबाहेर सोडल्या," कृष्णकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "पुढे त्यांचं काय झालं, कुठे गेल्या, कुणी चालवल्या... मला काय ठाऊक? माझ्यापुरती ती गाडी फाटकापाशी संपायची. चिखलातला विजयंता मी जन्मात पाहिला नाही. तो तुम्ही दाखवलात. त्या उजव्या मडगार्डवर रंग गेलाय ना, तिथे बोट ठेवलं आणि मला वाटलं, अरे, इथे रोज कुणीतरी पाय देऊन चढलाय! माझ्या गाडीवर! मिरजेला सगळ्या भावांना सांगितलं मी हे."

बोलणं पुढे सरकत होतं तसतसा मालोजीच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरत गेला. त्याने शोकेसकडे बघितलं. परत कृष्णकांतरावांकडे बघितलं. हा माणूस ज्याच्याबद्दल एवढ्या मायेने बोलतोय, तो पुसला असेल याने? मग कुणी...

आणि अगदी सावकाश त्याने मान ऊर्मीकडे वळवली.

तिला त्या नजरेला नजर देता आली नाही. ती जमिनीकडे बघत राहिली.

"माझी हरकत नाही," कृष्णकांतराव म्हणत होते. "पुण्याला मी नकार कळवून टाकलाय. इतक्या बारकाईने जो बघतो, तो माझ्या मुलीला नीट बघेल. थांबा, तो आणतोच इकडे. मला त्या गंजाबद्दल विचारायचंय तुम्हाला, केला कसा..."

ते उठले, वळले आणि शोकेसपाशी थांबले. काच सरकवली. विजयंता बाहेर काढला. सवयीने बोट त्याच्यावरून फिरलं, आणि त्यांनी ते बोट डोळ्यांसमोर धरलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले. "अलका... हे कुणी केलं?"

"मी," ऊर्मी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. कृष्णकांतराव ते हिरवं खेळणं हातात धरून तसेच उभे राहिले. मग मालोजीकडे बघून लहान मुलासारखं म्हणाले, "परत करता येईल ना हो तुम्हाला? येईल ना?"

"येईल काका," मालोजी उठत म्हणाला. त्याने वाकून दोघांना नमस्कार केला. "आतां निघतों मी."

ऊर्मी त्याच्यामागे जिना धावत उतरली. खालच्या दाराशी तिने त्याचा हात धरला.

"मालोजी! आपल्यासाठीच केलं ना मी ते!"

"ठाऊक आहे."

"मग? बाबा हो म्हणालेत! ऐकलंस ना? सगळं झालंय आता! मी माती आणते, हवी तेवढी आणते. तू परत कर. मी हातसुद्धा लावणार नाही."

"आल्याबरोबर पाहिलों मी," तो म्हणाला. सगळी शिकवणी गळून पडली होती. "म्हटलों, काका पुसले. म्हटलों, असूं दे. मी त्यांस आवडत नाहीं तसा, पण तुला देताहेत, मग काय तें. तें मी गिळलों ऊर्मी. हसलों पण. तूं पाहिलीस ना, हसलों मी?"

"पाहिलं..."

"तूं केलीस हें मनांत पण आलं नाहीं. मी म्हणत होतों, जगाला नवं लागतं तर लागूं दे, इला माती आवडते. डबी भरून माती इनेंच आणून दिली." त्याचा आवाज फुटला. "तुझ्या बाबांना मी कळलों गं. ज्यांच्यासाठीं पुसलीस, त्यांना कळलों."

"चुकलं माझं. चुकलं ना! एका चुकीपायी कुणी..."

"आज रणगाडा. उद्यां आणखी कांहीं असेल. तूं मायेनेंच पुसशील, आणि मी हसेन. सवय आहे मला." त्याने तिचा हात हलकेच सोडवला. "कांहीं वर्षांनीं तुझ्या घरांत एक चकचकीत माणूस असेल. तो मी नसेन."

"मी बदलेन," ती रडत म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "कोणाला बदलायला सांगणं मला येत नाहीं."

मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. तमिळ माणूसही 'जाऊन येतो' म्हणतो. ऊर्मी त्या एका शब्दासाठी दाराला धरून उभी होती.

"जातों," मालोजी म्हणाला. आणि गेला.

दुसऱ्या दिवशीपासून तो त्या थांब्यावर दिसला नाही. ऊर्मीने फोन केले, आत्याकडे गेली. राजसबाईंनी तिला कॉफी दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं की तो शाळेजवळ खोली घेऊन राहायला गेला. अर्ज केलेल्या कंपनीतली नोकरी मिळत होती, ती नको म्हणाला. पत्ता हवा का, असंही विचारलं. ऊर्मीने पत्ता घेतला. तांबरमच्या स्टेशनपर्यंत गेलीसुद्धा एकदा, आणि काय म्हणायचं ते ठरेना म्हणून तशीच परतली.

पुढच्या वर्षी सिरुसेरीचे रस्ते डांबरी झाले. बस स्वच्छ यायला लागली. ऊर्मी अजून थांब्यावर डाव्या पायावर भार टाकून उभी राहते, आणि लक्षात आलं की पाय बदलते.

विजयंता शोकेसमधून बाहेर, उघड्या फळीवर आला आहे. कृष्णकांतरावांनी स्वतः ठेवला तो तिथे. घरभर रुमाल फिरवणारा माणूस, पण त्या फळीपाशी आला की हात मागे घेतो. कामवाली फडकं घेऊन तिकडे वळली की खेकसतात, "त्याला हात लावू नको! साचू दे धूळ." त्यांना वाटतं, हळूहळू येईल परत पहिल्यासारखा.

ऊर्मी परवा जवळ जाऊन बघत होती. धूळ बसली आहे खरी. मडगार्डवर, झाकणांवर, कड्यांवर, सगळीकडे सारखीच बसली आहे. कुणाचा पाय पडलेला नाही, कुणी हात धरलेला नाही. मालोजीने शिकवलेलं तिला आता नीट येतं, म्हणून बाबांना काही न सांगता ती तिथून बाजूला झाली.